वॉर्डनचा खडू

प्रिय ठकू,

पत्र बघून आधी कपाळाला हात लावशील. फोन असताना आई कागद का खराब करतेय, असंच तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? गोळ्या घेतल्या का विचारतेस, गॅस बंद केला का विचारतेस, सगळं मायेनं विचारतेस. पण मी चर्चचं नाव काढलं की तुझा आवाज कोरडा होतो आणि नेमकं तेव्हाच तुझ्या दारात कुणीतरी येतं. बाबांना मातीत ठेवून परतलो त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकातच तू म्हणालीस, "या चर्चनं माझ्या बापाला खाल्लं." तेव्हापासून मी त्या विषयावर तोंड शिवून घेतलं. म्हणून गेल्या वर्षभरात आपल्याकडे काय काय घडलं, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. आज सगळं सांगते. मधेच उठू नकोस, आणि चहा ठेवायचा असेल तर आधी ठेवून ये.

तुझ्या लहानपणी वार्षिक सभा जवळ आली की बाबा चर्चची तपासणी करायचे. तुझ्या मैत्रिणींना वाटायचं, वॉर्डन म्हणजे केवढा मोठा हुद्दा! मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडून दिलेला बिनपगारी राखणदार, दुसरं काय? इमारत, बाकं, घंटा, छप्पर, वेदीवरचा चांदीचा पेला, दफनभूमीची भिंत, सगळं त्याच्या नावावर. म्हणजे काही मोडलं की बोंबही त्याच्याच नावानं. बाबांच्या एका हातात ती वॉर्डनची लांब काठी असायची, पितळी टोकाची. तिनं फरशी ठोकत ठोकत चालायचे, आवाज पोकळ आला की थांबायचे. आणि खिशात खडू. जिथं काही बिघडतंय असं वाटेल तिथं एक गोल काढायचे. तू त्यांच्या मागं मागं शेपटासारखी फिरायचीस आणि विचारायचीस, फुली का नाही मारत? ते म्हणायचे, "फुली मारली की वस्तू गेली. गोल म्हणजे लक्ष द्या, अजून आपल्या हातात आहे." काम झालं की ओल्या फडक्यानं तो गोल स्वतः पुसायचे. सभेत ते वास्तूचा अहवाल वाचायचे तेव्हा खजिनदार, म्हणजे आपले टाचणीकाका, कोटाच्या कॉलरमधल्या टाचण्या चाचपत दर वर्षी तेच विचारायचे, "यातला कुठला गोल फुकटात मिटण्यासारखा आहे?" आणि दर वर्षी सगळे हसायचे.

बाबा गेले ते गेल्या वर्षीच्या सभेच्या तोंडावर. छप्पर कुठं गळतंय ते बघून शिडीवरून उतरले, पहिल्या बाकावर टेकले आणि टेकलेलेच राहिले. हे तुला मी सांगायला नको. पण त्यानंतर सभा झाली, तिथं काय झालं ते तुला माहीत नाही. वॉर्डन व्हायला कुणीच तयार होईना. खरं तर वॉर्डन दोन असायला हवेत, पण आपल्याकडे दुसऱ्याची जागा कित्येक वर्षं रिकामीच. कुणाचा धंदा, कुणाची नातवंडं, कुणाची कंबर. शेवटी पाळकबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. धर्मगुरू म्हणून नवी आलेली तरुण मुलगी ती, तुझ्याहूनही लहान असेल. तिनं वाचून दाखवलं की पुढच्यानं शपथ घेईपर्यंत आधीचा वॉर्डन पदावरून सुटत नाही. कुणीतरी म्हणालं, हा नियम जिवंत माणसांसाठी असणार. त्यावर टाचणीकाका चष्मा पुसत म्हणाले, "तसं इथं लिहिलेलं तरी दिसत नाही." आम्ही हसलो. मी सुद्धा हसले, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. फळ्यावरचं वॉर्डनचं नाव पुसायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं, ते तसंच राहिलं.

मी अजूनही वेदीची वस्त्रं धुते, खळ लावते, इस्त्री करते, हे तुला माहीत आहेच. त्यासाठी सकाळी चर्चला जाते. सभेनंतर थोड्याच दिवसांनी एकदा गेले तर बाजूचं दार उघडं. आतल्या खिडक्याही उघड्या. सगळ्या नव्हे, फक्त एकाआड एक, ओल बाहेर जावी म्हणून बाबा उघडायचे तशा. वाटलं, झाडणाऱ्या बाईनं उघडल्या असतील. तिला विचारलं तर ती म्हणे, "मी तर तुम्हालाच विचारणार होते." मग एक दिवस बाकाला टेकवलेल्या काठीचं टोक ओलं दिसलं. त्याला दफनभूमीतली तांबडी माती चिकटली होती. आणि त्यानंतर आवाज. मी मागच्या खोलीत इस्त्री करत होते. आत काठी वाजली. टक्, टक्, मग थांबली. मग बाबांसारखा उजवा गुडघा दुखणारा माणूस पाय ओढत चालतो तसा सरपटता आवाज, मग पुन्हा टक्. मी घाबरले असेन असं तुला वाटेल. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि खुर्चीत बसून ऐकत राहिले. उठून बघितलं नाही. हाक मारली नाही. हाक मारली तर आवाज थांबेल आणि पुन्हा येणार नाही, एवढीच भीती होती.

मग खडूचे गोल दिसायला लागले. पहिला गोल वेदीपुढच्या कठड्यावर. दुसरा कुठं, तर गायकवृंदाच्या बाकांवरच्या मोठ्या तुळईवर, जिथं शिडीशिवाय हात पोचणं शक्य नाही, आणि शिडी तर बाबांच्या नंतर कुणी बाहेरच काढली नव्हती. टाचणीकाकांनी सुतार आणला. सुतारानं तुळईला पटाशी लावली तर ओल्या पावात सुरी जावी तशी ती आत गेली. त्यानं खाली बघून आम्हाला एवढंच विचारलं, "हे खालून कुणाला दिसलं?" पाळकबाईंनी गाणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि पुढच्याच आठवड्यात उपासना चालू असताना गिलाव्याचा भलामोठा तुकडा त्या रिकाम्या बाकांवर कोसळला. त्या दिवशी लोकांनी बाबांचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी येऊन त्यांच्या फोटोला म्हटलं, रिटायर व्हायचं नावच काढू नका तुम्ही.

पण मग सूरबाईंच्या स्टुलावर गोल आला. ऑर्गन वाजवणाऱ्या सूरबाई, तुला सारेगम शिकवताना बोटांवर पट्टी मारायच्या त्या. आम्ही आपले पुन्हा सुताराला बोलावून मोकळे झालो. त्यानं स्टुलाचा पाय घट्ट केला, पाचर मारली. सूरबाई हसून म्हणाल्या, "माझं वजन वाढलंय, अशी वॉर्डनसाहेबांची तक्रार दिसतेय." पुढच्या महिन्यात त्या झोपेतच गेल्या. ना ताप, ना खोकला. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी वस्त्रं ठेवायला गेले, तर स्टुलावरचा गोल पुसलेला होता. पुसणारा नुकताच उठून गेला असावा, कारण लाकडावर ओल्या फडक्याचा माग अजून वाळायचा होता. ठकू, मी वस्त्रं तशीच हातात घेऊन बाहेर आले. आम्ही स्टूल दुरुस्त केलं होतं. बाबांनी स्टूल दाखवलंच नव्हतं.

हे मी कुणाला बोलले नाही. स्वतःशीसुद्धा नीट बोलले नाही. आणि मग एका रविवारी अर्पणाच्या थैल्या गोळा झाल्यावर टाचणीकाका आपल्या जागेवर बसायला वळले आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या बाकाच्या पाठीवर गोल होता, बसल्यावर डाव्या खांद्याच्या खाली येईल असा. ते उपासना संपेपर्यंत बसले नाहीत. नंतर मागच्या खोलीत येऊन मला म्हणाले, "वहिनी, सुतार बोलवू का?" तोंडावर हसू होतं, पण ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "डॉक्टर बोलवा." ते म्हणाले, वर्षाचे हिशेब तपासनिसाकडे जायचेत, सभा एकदा होऊ दे. मी त्यांच्या हातातली फाइल काढून घेतली आणि जन्मात कधी बोलले नव्हते तशी त्यांना बोलले. तडक गेले बिचारे. डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही, तिथल्या तिथं दाखल करून घेतलं. हृदयाची नळी बुजत आली होती. ऑपरेशन झालं, वाचले. परत आले तेव्हा कोट अंगावर लोंबत होता आणि बाकावरचा गोल गेलेला होता.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. लोक चर्चमध्ये आले की आधी बाक बघायला लागले, मग क्रूसाकडे. एक कुटुंब दर रविवारी जागा बदलून बसू लागलं, म्हणजे गोलाला पत्ता सापडायला नको. एक आजीबाई घरून स्वतःची खुर्ची आणायच्या आणि जाताना घेऊन जायच्या. हसू नकोस, मलाही आधी हसू यायचं. पण हळूहळू माणसं येईनाशी झाली. झाडणारी बाई म्हणाली, पगार नको पण मला मोकळं करा. माणसं नाहीत तर अर्पण कुठून येणार? वरच्या कार्यालयाला दर वर्षी द्यायचा वाटा थकला. छपरासाठी तिकडून मदत मंजूर झाली होती, पण कागदावर वॉर्डनची सही हवी. विमावाल्यांना वॉर्डनची सही हवी. बँकेला दुसरी सही हवी. टाचणीकाका म्हणायचे, "ज्याच्या सहीनं सगळं अडलंय तो रोज हजर असतो, फक्त पेन धरत नाही." शेवटी वरून कळवण्यात आलं की या वर्षीच्या सभेत वॉर्डन निवडला गेला नाही तर आपली मंडळी शेजारच्या मंडळीत मिसळून टाकतील आणि इमारतीला कुलूप लागेल.

पाळकबाई माझ्याकडे घरी आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, जेवण धड नाही. मी वॉर्डन व्हावं म्हणून विनवून गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा विनवलं. मी गुडघे पुढे केले, मोतीबिंदू पुढे केला. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. जोवर दुसरं कुणी शपथ घेत नव्हतं तोवर बाबा येत होते. मी सकाळी चर्चला जाताना वेणी नीट घालायला लागले होते गं. इस्त्रीचं काम संपलं तरी तिथंच बसून राहायची. त्यांना ऐकू येईल अशा आवाजात घरातल्या गोष्टी सांगायची. नळ दुरुस्त केला, तुझा फोन आला, शेजाऱ्यांची मुलगी पास झाली. काठी थांबायची, ऐकून घेतल्यासारखी, आणि मग पुढे जायची. असं मिळत असताना कुलूप लागो नाहीतर छप्पर पडो, मी हात कशाला वर करू?

सभा रविवारी उपासनेनंतर झाली, चर्चला लागून असलेल्या दालनात. घडीच्या खुर्च्या, मोठ्या किटलीत चहा, खिडकीतून ऊन. भुताखेताचं काही वाटावं असं तिथं काहीच नव्हतं. वरच्या कार्यालयाचे साहेब आले होते, करड्या सुटातले, घड्याळ बघणारे. प्रार्थना झाली. गेल्या सभेचं इतिवृत्त वाचलं. सभासदांची यादी वाचताना पाळकबाई सूरबाईंच्या नावाशी अडखळल्या. टाचणीकाकांनी खुर्चीतूनच हिशेब मांडला, उभं राहायची डॉक्टरांची परवानगी नव्हती म्हणून. तिजोरीत खडखडाट आहे, हे त्यांनी इतक्या अदबीनं सांगितलं की क्षणभर चांगली बातमीच वाटली. मग पाळकबाईंनी पुढचा विषय वाचला, वास्तूचा अहवाल. आणि गप्प झाल्या, कारण अहवाल द्यायला कुणी नव्हतं.

त्या शांततेत चर्चमधून काठी वाजली. मधलं दार उघडंच होतं. टक्. मग पाय ओढल्याचा आवाज. टक्. आजवर मी एकटीनं ऐकलं होतं, त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आत कोण आहे?" टाचणीकाका म्हणाले, "वॉर्डन." साहेब उठले, तरातरा आत गेले. काठी वाजतच राहिली. त्यांचे बूट मधल्या वाटेपर्यंत गेल्याचं ऐकू आलं, मग बूट थांबले आणि काठी त्यांच्या अगदी जवळून पुढे गेली. साहेब परत आले ते भिंतीला हात लावत. खुर्चीत बसले आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं नाही.

मी मात्र त्या आवाजाकडे कान लावून होते. रोज ऐकत होते म्हणूनच की काय, मला कळलंच नव्हतं, पण त्या दिवशी सगळ्यांमध्ये बसून ऐकताना कळलं. काठी दोन बाकांमध्ये केवढा तरी वेळ थांबत होती. पाय पूर्वीसारखा ओढला जात नव्हता, तो उचललाच जात नव्हता. कुणीतरी जड पोतं फरशीवरून खेचतंय असं वाटत होतं. बाबांना मी आजारपणात बघितलंय, जत्रेएवढी माणसं जेवू घालून दमलेलं बघितलंय, पण इतकं थकलेलं मी त्यांना जिवंतपणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी त्यांना नळाच्या गोष्टी सांगत बसले होते. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. पाळकबाईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला काही बोलायचंय?" मी म्हटलं, "माझं नाव लिहा." टाचणीकाकांनी लगेच अनुमोदन दिलं. विरोधात कुणी नव्हतं. आत काठी थांबली.

साहेब म्हणाले, शपथ नंतर कधीतरी मोठ्या चर्चमध्ये रीतसर होते. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाले की आत्ता इथंच उरकू. आम्ही सगळे आत गेलो. मी वेदीपुढं उभी राहिले आणि त्यांच्यामागून एकेक वाक्य म्हणत गेले, की मला नेमून दिलेलं काम मी निष्ठेनं आणि झटून करीन. संपल्यावर पाळकबाईंनी ती काठी आणून माझ्या हातात दिली. ठकू, तिची मूठ गरम होती. कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखी. मग बाजूचं दार बाहेरून ओढल्यासारखं हळू लागलं, आवाज न करता, बाबा लावायचे तसं. मी तिथंच फरशीवर बसले आणि सगळ्यांदेखत हंबरडा फोडला. दफनाच्या दिवशी नव्हता फोडला, तुला आठवत असेल.

त्यानंतर सगळं शांत झालं. सकाळी दार बंद, खिडक्या बंद, काठी कोरडी. मी सह्या करत सुटले. छपराची मदत आली, कौलं उतरली, नवी तुळई चढली. लोक परत यायला लागले, आजीबाईंची खुर्ची घरीच राहू लागली. रिकामं चर्च मला खायला उठायचं, पण मनाची समजूत घातली होती की माणूस सुटला, विश्रांतीला गेला. तुला हे सगळं सावकाशीनं, पुढच्या सुट्टीत सांगायचं असंही ठरवलं होतं.

काल सकाळी मी उठले तर हाताला पांढरं लागलं होतं. वाटलं, वस्त्रांची खळ असेल. धुवायला गेले तर नखांत खडू. दारात माझ्या चपला ओल्या, तळाला तांबडी माती. मी रात्री अंथरुणातून उठल्याचं मला आठवत नाही, अजूनही आठवत नाही. मोरीत उभी राहून मी हात धूत होते आणि एकेक गोष्ट उलगडत होती. बाबांच्या शर्टांच्या बाह्यांना खडू लागलेला असायचा, अगदी तपासणी नसतानाही, आणि मी धुताना कुरकुरायची. काही पहाटे जाग आली तर त्यांची बाजू गार असायची. तू शाळेत होतीस तेव्हा त्यांनी मला हट्टानं डॉक्टरकडे नेलं होतं. मला काहीसुद्धा होत नव्हतं, मी वाटभर भांडले होते. तेव्हा ती गाठ सापडली, वेळेत काढली, म्हणून मी आज आहे. कसं कळलं विचारलं तर म्हणाले होते, "सहज वाटलं." त्या माणसाला सहज वाटलं नव्हतं गं. माझ्या जागेवरचा गोल बघून आले होते, आणि तो स्वतःच्याच हातचा आहे हे त्यांना कळत असणार. वर्षानुवर्षं कुणाकुणाच्या घरी जाऊन ते बोलता बोलता सुचवायचे, जरा तपासून घ्या, आणि लोकांना वाटायचं वॉर्डनला चौकशीची सवय आहे. ही कामगिरी त्यांची नव्हती, त्या पदाची होती. त्यांच्या स्वतःच्या जागेवर मात्र कधीच गोल आला नाही. वॉर्डन दोन का असतात हे मला काल मोरीत उभी असताना समजलं. एकाची जागा दुसऱ्यानं बघायची असते. आपल्याकडे दुसरा नव्हता.

हात पुसून मी चर्चला धावले. प्रत्येक बाक बघत गेले. खांबाजवळच्या त्या अरुंद जागेवर, जिथं तू लहानपणी पाय हलवत बसायचीस आणि बाबा गेल्यापासून एकदाही बसली नाहीस, तिथं गोल आहे. तुझ्या लहानपणच्या उंचीला नाही. मी स्वतः बसून बघितलं, तू माझ्याहून वीतभर उंच आहेस तो हिशेब धरला. पाठीला उजवीकडे, बरगड्या संपतात तिथं येतो. तुला काही होतंय का मला माहीत नाही. बहुतेक काहीच होत नसेल, सूरबाईंनाही होत नव्हतं. घरी येऊन पिशवी भरली, चर्चच्या किल्ल्या टाचणीकाकांकडे दिल्या आणि मिळाली ती गाडी पकडली. आज इथं पोचले तर तू ऑफिसला गेली होतीस, तुझ्या शेजारणीकडून किल्ली घेतली, आणि तेव्हापासून तुझ्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. तोंडानं सांगायला गेले तर मी रडेन, आणि तू मला पाणी देऊन विषय बदलशील, म्हणून कागद. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाई चांगल्या वाटल्या, संध्याकाळी थांबते म्हणाल्या. मी आतल्या खोलीत आहे, पदर खोचून तयार. तू कदाचित ओरडशील, आईला वेड लागलंय म्हणशील. खुशाल म्हण. फक्त चपला घालता घालता म्हण.

तुझ्याच घरात तुझी वाट बघत बसलेली,
तुझीच,
आई